गरिबांच्या कैवारी डोरोथी डे

ह्या महोत्सवाच्या निमित्ताने 'ज्युबिली' हा शब्द आपल्या मुखी वारंवार येत आहे. नोव्हेना, मिरवणूक, पूर्वजांच्या आठवणी व मृतांसाठी अर्पिलेले मिस्साबली ह्यांनी हा आनंदसोहळा शोभिवंत होईल, ह्यात शंका नाही. परंतु ज्या शास्त्रवचनांतून हा शब्द ख्रिस्तसभेत आला, ती वचने आपल्यापैकी कितीजणांनी स्वस्थ चित्ताने वाचली असतील? जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात त्याचे मूळ आहे. इब्री भाषेत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. दर ५०व्या वर्षी ते देशभर फुंकले जावे, ज्याची जमीन दारिद्र्यापायी गेली त्याला ती परत मिळावी, जो दास झाला तो मुक्त होऊन आपल्या कुळात परतावा, अशी आज्ञा परमेश्वराने मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांस दिली. भूमीचा खरा धनी परमेश्वर असून मनुष्य तिच्यावर केवळ पाहुणा आहे, हे त्या आज्ञेचे कारण होय. दरिद्री झालेल्या बंधूकडून व्याज घेऊ नये, अशीही ताकीद त्याच अध्यायात आहे. पुढे नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडून प्रभू येशूने आपल्या कार्याचा आरंभ केला, तोही अशाच मुक्तीच्या वर्षाची घोषणा करून.

अशी ही ज्युबिली. तिचा संबंध पताकांपेक्षा गरिबांच्या देण्याशी अधिक आहे. हा अध्याय केवळ वाचण्यासाठी नसून आचरण्यासाठी आहे, असे मानून जगलेल्या एका कॅथॉलिक स्त्रीचा इतिहास ह्या प्रसंगी वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले. तिचे नाव डोरोथी डे. श्रीमंत व गरीब ह्यांमधील अन्याय्य अंतराविरुद्ध ती जवळजवळ ५० वर्षे लढली. परंतु तिने कोणावर हात उगारला नाही, आणि जी झीज ती इतरांकडून मागत होती ती प्रथम स्वतः सोसली.

डोरोथीबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १८९७ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात झाला. वडील वृत्तपत्रात काम करीत. घरात प्रार्थनेचा प्रघात जवळजवळ नव्हताच. १९०६ साली कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंड येथे राहत असता सॅन फ्रान्सिस्को शहराचा भूकंपाने व अग्नीने विध्वंस झाला, आणि बेघर झालेले लोक जथ्याजथ्यांनी खाडी ओलांडून आले. त्या वेळी शेजारीपाजारी आपले कपडे व अन्न अनोळखी माणसांना देताना त्या बालिकेने पाहिले. संकटाच्या दिवसांत माणसे एकमेकांवर अशी प्रीती करू शकतात, तर इतर दिवशी का करीत नाहीत, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हापासून रुजला.

इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षे घालवून त्या १९१६ साली न्यूयॉर्कला आल्या व समाजवादी वृत्तपत्रांत लिहू लागल्या. कामकऱ्यांच्या कोंदट चाळी, बालमजुरी, बेकारी हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१७ च्या नोव्हेंबरात स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रियांत त्याही होत्या. त्यांना ३० दिवसांची शिक्षा झाली. ऑकोक्वान येथील कारागृहात ह्या स्त्रियांनी अन्नत्याग केला. त्या अंधाऱ्या कोठडीत डोरोथीबाईंनी बायबल मागून घेतले आणि स्तोत्रसंहिता वाचली. स्तोत्रांनी त्यांना धीर आला. परंतु दुःखात देवाचा आधार शोधणे हा दुबळेपणा आहे, असे त्या काळच्या त्यांच्या अभिमानी मनाला वाटले, व सुटका होताच तो ग्रंथ पुन्हा मिटला गेला.

त्यानंतरची त्यांची काही वर्षे भरकटलेली होती. त्यांच्या हातून घोर पातके घडली, एका अजात बालकाचा प्राणही गेला. ह्या गोष्टीचे दुःख त्यांनी जन्मभर वाहिले. पुढे त्या न्यूयॉर्कजवळील स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर फॉर्स्टर बॅटरहॅम नावाच्या गृहस्थाबरोबर राहू लागल्या. हा मनुष्य सज्जन, निसर्गावर प्रेम करणारा. परंतु देव व विवाहसंस्कार ह्या दोहोंवर त्याचा विश्वास नव्हता. मार्च १९२६ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव तामार तेरेसा. त्या बाळाला कुशीत घेतल्यावर डोरोथीबाईंच्या अंतःकरणात एवढी कृतज्ञता दाटली की, ती कोणापुढे व्यक्त करावी हे त्यांना कळेना. कारण उपकार मानावयाचे तर उपकारकर्ता असावा लागतो. एका वृद्ध धर्मभगिनीने त्यांना धर्मशिक्षण दिले. १९२७ च्या जुलैत तामारचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी डोरोथीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी ज्याच्यावर प्रेम होते त्याच्यापासून त्यांना दूर व्हावे लागले.

तरीही त्यांच्या मनातील एक काटा निघेना. त्यांचे जुने सोबती म्हणत की, ही बाई श्रीमंतांच्या धर्मात गेली. डोरोथीबाई मात्र पाहत होत्या की, न्यूयॉर्कच्या कॅथॉलिक देवळांत रविवारी गुडघे टेकणारे बहुतेक लोक आयरिश, इटालियन व पोलिश मजूर, मोलकरणी व कारागीर होते. ख्रिस्तसभा गरिबांची आहे, हे त्यांना दिसत होते. मग गरिबांच्या लढ्यात तिची मुले पुढे का नाहीत, हे मात्र त्यांना उमगत नव्हते. वास्तविक परमगुरुस्वामी लिओ तेरावे ह्यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र काढून मजुराला कुटुंब पोसण्यापुरते न्याय्य वेतन मिळालेच पाहिजे, व त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, हे स्पष्ट शिकविले होते. पायस अकरावे ह्यांनी १९३१ साली त्याच शिकवणीला पुष्टी दिली. परंतु ही परिपत्रे ग्रंथालयात राहिली होती, रस्त्यावर आली नव्हती.

१९२९ साली अमेरिकेत आर्थिक मंदीचा कडेलोट झाला. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक बेकार होता. डिसेंबर १९३२ मध्ये भुकेलेल्या बेकारांचा एक मोर्चा वॉशिंग्टनला गेला. मोर्चाचे पुढारी कम्युनिस्ट होते. डोरोथीबाई बातमीदार म्हणून गेल्या व रस्त्याच्या कडेला उभ्या राहून ती फाटकी माणसे जाताना पाहू लागल्या. हे लोक आपल्या बांधवांसाठी चालत आहेत, आणि मी मात्र कडेला उभी आहे, ही खंत त्यांना असह्य झाली. ८ डिसेंबर हा निष्कलंक मातेचा सण. त्या दिवशी त्या निष्कलंक गर्भसंभवा मरियेच्या राष्ट्रीय देवालयाच्या तळघरातील वेदीपुढे गेल्या, आणि आपल्या अंगच्या गुणांचा गरिबांसाठी उपयोग करण्याचा मार्ग दाखव, अशी अश्रू ढाळून प्रार्थना केली.

त्या न्यूयॉर्कला परतल्या, तो दारी एक अनोळखी मनुष्य वाट पाहत बसलेला. कपडे चुरगळलेले, खिसे पुस्तकांनी व कागदांनी फुगलेले. हा पीटर मोरँ. फ्रान्सच्या दक्षिण भागातील शेतकरी कुटुंबात १८७७ साली जन्मलेला, पूर्वी धर्मबंधू म्हणून मुलांना शिकविलेला, आणि अमेरिकेत येऊन मजुरी करीत फिरलेला. त्याचा कार्यक्रम तीन कलमांचा होता. विचार स्पष्ट होण्यासाठी कामकरी व विद्वान ह्यांनी एकत्र बसून चर्चा करावी. निराश्रितांसाठी आतिथ्यगृहे उघडावीत. आणि बेकारांना जमिनीकडे नेऊन शेतीच्या वसाहती वसवाव्यात. पापसभांच्या शिकवणीचा हा सारा दारूगोळा धर्मपंडितांनी कुलूपबंद करून ठेवला आहे, तो आता उघडला पाहिजे, असे त्याचे म्हणणे असे. ह्या दारूगोळ्याने कोणी मरत नाही, हे सांगावयास नको.

१ मे १९३३ रोजी, कामगारदिनी, न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर चौकात हजारो कम्युनिस्टांच्या गर्दीत 'कॅथॉलिक वर्कर' ह्या पत्राचा पहिला अंक विक्रीस आला. प्रती २,५००, छपाईचा खर्च ५७ डॉलर, किंमत एक सेंट. कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. परंतु तीन वर्षांच्या आत ह्या पत्राचा खप लाखाच्या पुढे गेला. गरिबालाही घेता यावे म्हणून किंमत मात्र एक सेंटच राहिली.

पत्रात आतिथ्याविषयी लिहिले गेले. तेव्हा एके दिवशी बेघर माणसे पत्राच्या कचेरीचे दार ठोठावू लागली. लिहिणे एक व करणे दुसरे, असे आता चालण्यासारखे नव्हते. खोल्या भाड्याने घेतल्या गेल्या, चुलीवर सूप व कॉफी चढली, आणि सकाळी दारापुढे भुकेल्यांची रांग लागू लागली. १९४१ पर्यंत अमेरिकेत अशी ३० हून अधिक आतिथ्यगृहे उभी राहिली. तेथील कार्यकर्त्यांस पगार नव्हता. डोरोथीबाई तेथेच राहत. दान आलेले कपडे घालीत. जे पाहुण्यांच्या ताटात तेच त्यांच्या ताटात. रोज मिस्सा, रोज स्तोत्रे, रोज जपमाळ. येणाऱ्यांत दारुडे होते, वेडे होते, चोरी करणारेही होते. हा गरीब दयेस पात्र व तो अपात्र, असा निवाडा करण्यास त्या तयार नसत. कारण न्यायाच्या दिवशी भुकेल्याच्या रूपाने मीच तुमच्याकडे आलो होतो, असे म्हणणाऱ्या प्रभूने त्या भुकेल्याच्या वर्तनाची चौकशी सांगितलेली नाही.

केवळ अन्नदान करून त्या थांबल्या असत्या तर सर्वांनी त्यांची स्तुतीच केली असती. परंतु रांग रोज लांबत असता, ही माणसे उपाशी का, हे विचारणे त्यांना कर्तव्य वाटले. १९३६ साली न्यूयॉर्क बंदरातील खलाशांनी संप केला, तेव्हा कॅथॉलिक वर्करच्या लोकांनी बंदराजवळ जागा घेऊन त्यांना जेवण व आसरा दिला. जेथे मजुरांवर अन्याय होई तेथे हे लोक फलक घेऊन दाराशी उभे राहत, पत्रके वाटीत, अटक झाली तर प्रतिकार करीत नसत. मालकाचा द्वेष करू नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, परंतु त्याचा अन्याय मात्र मुकाट्याने पाहू नये, अशी ही रीत. दुसऱ्या महायुद्धातही डोरोथीबाईंनी शस्त्राला विरोध करण्याचे सोडले नाही. तेव्हा हजारो वर्गणीदार त्यांना सोडून गेले व कित्येक आतिथ्यगृहे बंद पडली. १९४८ च्या जानेवारीत आपल्या देशात महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा त्यांनी आपल्या पत्रात शोकलेख लिहिला. सत्याग्रहात त्यांना डोंगरावरील प्रवचनाचा परिचित स्वर ऐकू आला होता.

आता एक असा प्रसंग सांगावयाचा आहे, जो धर्मगुरू ह्या नात्याने मला गाळून पुढे जाता आला असता. परंतु तो गाळला तर हा इतिहास अपुरा राहील. १९४९ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी कबरस्थानात कबरी खोदणाऱ्या मजुरांनी संप केला. कबरस्थान ख्रिस्तसभेच्या मालकीचे, आणि मजूर बहुतेक कॅथॉलिक. सहा दिवसांच्या पगारात पाच दिवसांचा आठवडा मिळावा, ही त्यांची मागणी. शवपेट्या पुरावाचून राहू लागल्या. न्यूयॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन ह्यांनी संपामागे कम्युनिस्टांचा हात आहे असे म्हणून सेमिनरीतील विद्यार्थ्यांस कबरी खोदण्यास नेले. मृतांस माती देणे हे दयेचे कृत्य आहे, हे खरे. डोरोथीबाई मात्र संपकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या लोकांनी संपकऱ्यांच्या कुटुंबांस मदत दिली व फलक घेऊन निदर्शने केली. त्यांनी स्वतः कार्डिनलना ४ मार्च रोजी पत्र लिहिले. आपण जाऊन त्या माणसांना भेटावे, थोरांस नमते घेणे गरिबांपेक्षा सोपे असते, असा त्या पत्राचा आशय होता. भाषा कन्येने पित्याला लिहावी तशी होती. संप मोडला, त्या आठवड्यात मजुरांच्या पदरी फारसे काही पडले नाही.

ह्या प्रसंगी कोणाचे किती चुकले, हे तोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्यातून निघणारा प्रश्न आपणा सर्वांपुढे आहे. दया ही न्यायाच्या जागी उभी राहू शकते काय? डोरोथीबाईंचे उत्तर असे की, न्यायाने जे देणे आहे ते दान म्हणून देता येत नाही, मग देणारा कोणीही असो. तरीही त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही, की बिशपांविषयी अनादराचे शब्द काढले नाहीत. आईच्या घरात अन्याय दिसला म्हणून कोणी आई बदलत नाही. तिच्या पायाशी बसून सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात पीटर मोरँ निवर्तले. त्यांना दान आलेल्या कपड्यांत व दान मिळालेल्या कबरीत पुरण्यात आले.

१९६० सालची आणखी एक गोष्ट ज्युबिलीच्या दृष्टीने फार बोधक आहे. क्रिस्टी स्ट्रीटवरील आतिथ्यगृह भुयारी रेल्वेच्या कामासाठी शहराने घेतले आणि भरपाई म्हणून ६८,७०० डॉलर दिले. पैसे मिळण्यास विलंब झाला म्हणून त्यावर ३,५७९ डॉलर ३९ सेंट व्याजही दिले. त्या वेळी कॅथॉलिक वर्करपाशी पैशांची चंगळ होती असे नाही. रांगेतील माणसांस रोज जेवू घालावयाचे होते. तथापि डोरोथीबाईंनी व्याजाची संपूर्ण रक्कम शहराच्या खजिनदाराकडे परत पाठविली. पैशाने पैसा वाढविण्यावर आमचा विश्वास नाही, हे धन आमचे नव्हे, असे कारण दिले. लोकांनी हा वेडेपणा मानला. परंतु लेवीयाच्या २५व्या अध्यायावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने दुसरे काय करावयाचे होते? जगाला व्याजाविरुद्ध उपदेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या हातातील व्याज सोडले.

१९७० साली त्या भारतात आल्या व कलकत्त्यास मदर तेरेसा ह्यांना भेटल्या. मदर तेरेसांनी आपल्या धर्मभगिनी धारण करतात तो क्रूस स्वहस्ते त्यांच्या वस्त्राला लावला. १९७३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात 'युनायटेड फार्म वर्कर्स' ह्या संघटनेच्या मळेमजुरांनी संप केला असता, न्यायालयाची मनाई मोडून उभ्या राहणाऱ्यांत त्याही जाऊन बसल्या. वय ७५, हृदय दुर्बल. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शस्त्रधारी पोलिसांच्या मध्ये घडीच्या आसनावर एक वृद्धा शांतपणे बसली आहे. तिला अटक झाली, आणि काही दिवस तिने कारागृहात मजूर स्त्रिया व धर्मभगिनींच्या सहवासात प्रार्थना करीत काढले. १९१७ साली कोठडीत जी स्तोत्रे लाजून मिटली होती, ती आता तिची नित्याची शिदोरी झाली होती.

२९ नोव्हेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमधील एका आतिथ्यगृहातच डोरोथीबाईंनी देह ठेवला. २००० साली रोमने त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस अनुमती देऊन त्यांना 'देवाची सेविका' असे संबोधिले. २०२१ च्या डिसेंबरात धर्मप्रांतीय चौकशी पुरी होऊन कागदपत्रे रोमला गेली. २४ सप्टेंबर २०१५ रोजी परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी अमेरिकेच्या काँग्रेससमोर ज्या चार थोर अमेरिकनांची नावे घेतली, त्यांत ह्या बाईंचे नाव होते. आणि २०२५ साली निवडून आलेल्या परमगुरूंनी लिओ हे नाव घेतले, ते मुख्यतः 'रेरुम नोव्हारुम' लिहिणाऱ्या लिओ तेराव्यांची आठवण म्हणून, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मजुराचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही, हाच त्याचा अर्थ.

वाचकहो, आपल्यापैकी काहीजण म्हणतील की, दानधर्म पुरे, निदर्शने कशाला? काही म्हणतील की, लढा पुरे, जपमाळ कशाला? डोरोथीबाईंच्या चरित्रात ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आहे. दानावाचून लढा दिला तर तो द्वेषाकडे वळतो. लढ्यावाचून दान दिले तर ते अन्यायाला निजवते. आणि प्रार्थनेवाचून ह्यांपैकी काहीच ५० वर्षे टिकत नाही.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी आपण फार मोठे संकल्प करण्याआधी जवळचे पाहावे. आपल्या देवळाची झाडलोट करणारे, घंटा वाजविणारे, कबरी खोदणारे हात आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या कुटुंबाचे पोट त्यांच्या वेतनात भरते काय, हे धर्मगुरूने व देवळाच्या समितीने प्रथम विचारावे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आजारपणात खाडा पडला तर आपण तिचा पगार कापतो काय, हे प्रत्येक गृहिणीने विचारावे. वाडीत राबणाऱ्या गड्याचा रोज सूर्यास्तापूर्वी त्याच्या हाती पडतो काय, हे प्रत्येक धन्याने विचारावे. अडलेल्या नातलगाला दिलेल्या उसन्या पैशांवर कोणी व्याज लावले असेल, तर ते ह्या वर्षी सोडून द्यावे. आणि ज्याचे मुद्दलही फिटण्याजोगे नाही, त्याचा कागद फाडून टाकावा. हे घडले, तर मग ज्यांना बाहेर अन्याय सोसावा लागतो त्यांच्या बाजूने, शस्त्रावाचून व द्वेषावाचून, उभे राहण्याचा धीर आपल्याला येईल, आणि आपला शब्द लोक ऐकतील.

देवळाच्या घंटा तर ज्युबिलीला वाजतीलच. इस्राएलात जे शिंग फुंकले जाई, ते ऐकून गरीब माणूस आपल्या घरी परतत असे. आपली घंटा ऐकून ह्या धर्मग्रामातील एक तरी ऋणको, एक तरी मोलकरीण, एक तरी मजूर निश्चिंत मनाने घरी जावा, एवढी कृपा निष्कलंक मातेच्या मध्यस्थीने प्रभूने आपल्याला द्यावी, हीच प्रार्थना. आमेन.